पंधरा मार्कांची बोट

प्रश्न एका ओळीचा होता. ‘रणांगण’ या कादंबरीच्या आशयसूत्रांचे व रचनेचे मूल्यमापन करा, मार्क पंधरा. खाली बारीक अक्षरात आशयाला सात, रचनेला आठ. मी सेहेचाळिसाव्या वर्षी एम.ए. मराठीला बाहेरून बसलेय. दिवसा एका पतसंस्थेत व्हाउचरं तपासते आणि रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबलच्या एका टोकाला लेक नीटचे एमसीक्यू सोडवते आणि दुसऱ्या टोकाला मी स्वाध्याय लिहिते, तिला माझी गंमत वाटते आणि मला तिची काळजी, असं आमचं चालू असतं. स्वाध्याय हातानंच लिहायचा, टाइप केलेला चालत नाही. तर या पंधरा मार्कांनी माझा अख्खा नवतपा खाल्ला.

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, टाकीतलं पाणी चहा करता येईल इतकं तापतं, आणि घरातला सगळा संसार कूलरच्या समोर दोन फुटांत एकवटतो. आमच्या कूलरचा पंप त्याच आठवड्यात गेला. म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर मगानं पाणी टाकायचं, येऊन दोन ओळी लिहायच्या, परत उठायचं. त्या दोन-दोन ओळींचं काही जमेना.

खरं सांगायचं तर सुरुवात मी चोरीनंच केली होती. सीताबर्डीच्या बाजारातून एक गाईड आणलं, त्यात या प्रश्नाचं तयार उत्तर होतंच. प्रेम, युद्ध, वंशद्वेष, मानवता, अशी आशयसूत्रं ओळीनं मांडलेली आणि प्रत्येकाखाली पाच-पाच वाक्यं. रचनेत काय, तर प्रथमपुरुषी निवेदन, बोटीची मर्यादित पार्श्वभूमी, शेवटी पत्रांचा वापर, शोकान्त शेवट. यातलं चूक काहीच नाही हो. पण वाचून झाल्यावर मला वाटलं, पुस्तक न वाचता हे लिहिता येतं. आणि पुस्तक तर मी तोवर दोनदा वाचलं होतं, दुसऱ्यांदा तर संपल्यावर गच्चीवर जाऊन उगाच वाळलेले कपडे परत झटकत उभी राहिले होते. ते जे काय झालं होतं ते या यादीत कुठेच नव्हतं.

आमच्या ऑनलाइन तासाला ज्या मॅडम येतात त्या एक वाक्य सारखं म्हणतात, की सारांश सांगू नका, तो मला माहीत आहे. बरोबर आहे. पण सारांश नको, रसग्रहण वेगळं, मूल्यमापन वेगळं, मग हे मूल्यमापन म्हणजे करायचं काय नेमकं? मी व्हाउचरं तपासते तेव्हा मला माहीत असतं काय बघायचं ते. रक्कम, सही, तारीख, कोणत्या खात्याला टाकलं. कादंबरीत काय तपासायचं? मी वहीच्या एका पानावर ‘आशय’ लिहिलं, समोरच्या पानावर ‘रचना’, आणि दोन दिवस ती दोन्ही पानं कोरी. लेकीनं एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाली, आई तुझं निगेटिव्ह मार्किंग तरी नाही ना.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (हो, सारांशच). विश्राम बेडेकरांची ही छोटीशी कादंबरी १९३९ सालची. म्हणजे ज्या साली दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच सालची, मागे वळून शांतपणे लिहिलेली नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि मायदेशी परतणारे आपले काही लोक. त्यातला चक्रधर विध्वंस, आधीच्या एका प्रेमाचा डंख घेऊन बायकांवर चिडलेला, आणि हॅर्टा, ज्यू मुलगी, जिचं सगळंच मागे राहिलंय. बोटीवरचे मोजके दिवस, तेवढ्यात जे जुळतं ते. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढे जाते. पुढच्या प्रवासात ती समुद्रात जीव देते, आणि हे आपल्याला कळतं ते मागून आलेल्या पत्रांतून.

बेडेकर मूळचे अमरावतीचे, १९०६ चा जन्म. म्हणजे आपल्याच इकडचा माणूस! समुद्राशी आमचा संबंध काय हो, देशाच्या मधोमध मानल्या जाणाऱ्या आमच्या झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र सारखाच लांब. मी पहिल्यांदा समुद्र बघितला तो लग्नानंतर, तोही जुहूला, पाच मिनिटं, कारण नवऱ्याला परतीची गाडी चुकेल अशी भीती. म्हणून असेल, पण या पुस्तकात मला समुद्र फारसा दिसलाच नाही. मला दिसला एक रेल्वेचा डबा. म्हणजे कसं, नागपूर-मुंबई रात्रीच्या प्रवासात समोरच्या बर्थवरच्या बाईशी आपण जे बोलतो ते सख्ख्या बहिणीशी बोलत नाही, आणि दादरला उतरलो की तिचं नावही आठवत नाही. त्या बोलण्याला एक शेवट आहे हे दोघींना आधीच माहीत असतं म्हणूनच तर ते होतं. हे मी लिहून ठेवलं, आशयाच्या पानावर लिहावं की रचनेच्या ते कळेना, म्हणून मधल्या शिलाईवर लिहिलं.

मग एक दिवस नावाच्या मागे लागण्यात घालवला. चक्रधर म्हणजे कृष्ण, रणांगणावर रथ हाकणारा, आणि आडनाव विध्वंस, म्हणजे हे सगळं मुद्दाम आहे. शिवाय चक्रधर म्हटलं की आम्हा विदर्भातल्यांना पहिले महानुभावांचे चक्रधरस्वामी आठवतात, लीळाचरित्र आठवतं, महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर तर अमरावती जिल्ह्यातलंच. मी याचं खूप ताणलं, चार पानं भरली, स्वामींचं निघून जाणं आणि मागे राहिलेल्यांनी आठवणी गोळा करणं वगैरे. सकाळी वाचलं तर इतकं ओढूनताणून वाटलं की चारही पानं फाडली. मुलाला आवडतं म्हणून नाव ठेवतात लोक, लेखकानंही ठेवलं असेल. आडनावाचं मात्र मी अजूनही सोडलेलं नाही.

शेवटी गाडी पुढे सरकली ती बाबांमुळे.

बाबा माझ्याकडेच असतात, आई गेल्यापासून. रेल्वेत होते, नागपूरच्या डिव्हिजनल कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणती पुढे सोडायची ते ठरवणारे. लहानपणी मला वाटायचं बाबा गाडी चालवतात, मग कळलं ते गाडी बघतसुद्धा नाहीत, एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसतात आणि कागदावर रेघा काढतात. त्या कागदाला ते चार्ट म्हणायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण तेव्हा तो हातानं काढायचा, ड्युटी बदलली की पुढच्यानं तोच पुढे न्यायचा. बाबांना मुळात वाचनाची आवड पेपरापुरती. पण त्या दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, मी वहीनं वारा घेत बसलेली, आणि ते म्हणाले, काय वं, पंधरा दिवसांपासून एवढंसं पुस्तक घेऊन बसली, काय आहे त्याच्यात?

सांगितलं. पुढचे प्रश्न ऐका. बोट निघाली कुठून? मधे थांबली कुठं कुठं? किती वाजता लागली? तो मुंबईला उतरला, ती नाही उतरली. काहून? तिकीट तर होतं ना तिच्याजवळ?

मी म्हटलं, बाबा तिकिटाचा प्रश्न नाही. तिला उतरायचा परवाना नव्हता. हे मी गाईडात नाही, दुसरीकडे वाचून काढलं होतं, आणि इतके दिवस ते कुठे घालावं कळत नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनाघरं फोडली, जाळली, हजारो पुरुषांना छावण्यांत टाकलं. त्याच्या आधी जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी बसले होते, या लोकांना कोण घेणार म्हणून, आणि एक-दोन अपवाद सोडले तर सगळ्यांनी सहानुभूती दाखवून हात वर केले. देश सोडताना सोबत न्यायची परवानगी होती माणशी दहा मार्कांची, म्हणजे तिथल्या चलनाची. त्या काळात शांघायला उतरायला व्हिसा लागायचा नाही, म्हणून जिनोआ, त्रिएस्ते अशा इटलीतल्या बंदरांवरून बोटी भरभरून लोक तिकडे निघाले, सुएझमधून, मुंबईवरून. पंधरा हजारांवर माणसं गेली अशी. मुंबई त्यांच्यासाठी मधलं स्टेशन.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे थ्रू तिकीट होतं, ब्रेक जर्नी नव्हती, मधे उतरायची सोय नव्हती.

मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. स्वाध्यायात चालणार नाही हे माहीत होतं, तरी घेतलं.

मग त्यांनी लेकीच्या प्रॅक्टिकलच्या वहीतला एक ग्राफ पेपर मागितला आणि चष्म्याच्या घरातून ती पेन्सिल काढली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, बोटाच्या एका पेराएवढी उरलेली. चार्ट कसा असतो ते मी इतक्या वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. आडव्या बाजूला वेळ, तासांची घरं, घरांच्या आत बारीक घरं. उभ्या बाजूला स्टेशनं, एकाखाली एक, पण सारख्या अंतरावर नाही, जमिनीवर जेवढं लांब तेवढंच कागदावर लांब. अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, त्यांनी सवयीनं म्हणून दाखवलं, सेक्शन सोडून इतकी वर्षं झाली तरी एक स्टेशन चुकलं नाही. गाडी म्हणजे तिरपी रेघ. मेल असेल तर रेघ उभट, मालगाडी असेल तर लोळलेली. आणि गाडी उभी असेल तर रेघ सरळ आडवी जाते, कारण स्टेशन तेच आहे आणि वेळ चाललाय. हे सांगताना ते असे सहज बोलले की बस. मला मात्र पहिल्यांदाच कळलं की थांबलेली गाडीसुद्धा चार्टवर चालतच असते.

मी पुस्तकातून शोधून सांगत गेले आणि ते काढत गेले. डावीकडे खाली युरोप, वर सुएझ, मग मुंबई, मग सगळ्यात वर चीनकडचा किनारा. बोटीची रेघ तिरपी चढत गेली. चक्रधरला निळी. हॅर्टाला लाल. पण इथे बाबा अडले. म्हणाले, हिची रेघ काढू कशी? हे सगळं तर तोच सांगून राहिला. ती काय करून राहिली ते याले जेवढं दिसलं तेवढंच. स्टेशनमास्तरनं गाडी गेली म्हणून कळवल्याबिगर मी पक्की रेघ काढत नव्हतो.

मग काय करायचे, मी विचारलं. तर म्हणाले, पुढे गाडी कशी जाईल त्याचा अंदाज आम्ही हलक्या हातानं आधी काढून ठेवायचो, पुसता येईल असा. प्रत्यक्ष गेली की त्याच्यावर पक्की मारायची. आणि त्यांनी निळ्या रेघेला लागून लाल रेघ अगदी हलकी काढली, दिसेल न दिसेल अशी, मुंबईपर्यंत.

मुंबईला निळी रेघ वळली आणि आडवी झाली. सरळ उजवीकडे जात राहिली, पेपर संपेपर्यंत. लाल पुढे तिरपी चढली आणि दोन स्टेशनांच्या मधेच थांबली. मधे सेक्शनमध्ये रेघ कधी संपत नसते म्हणाले बाबा, तिथे संपली म्हणजे काहीतरी झालं, मग सगळे फोन एकदम वाजायला लागतात.

आणि पत्रं? ती मुंबईनंतरची, तिच्या हातची, बोटीवरून लिहिलेली. ती जिथे लिहिली तिथून खाली, मुंबईकडे परत यायला हवी. बाबांनी लाल टोकानंच खालच्या दिशेची एक रेघ काढली, अप-डाउन असतं तशी, आणि ती रेघ निळ्या आडव्या रेघेला येऊन भिडली ती लाल रेघ संपल्याच्या बरीच उजवीकडे. म्हणजे तो वाचतो तेव्हा ती नसते. हे मला माहीतच होतं, कुणालाही माहीत असतं, पण कागदावर ते अंतर बोटानं मोजता येत होतं. दीड इंच.

मग बाबांनी पेन्सिलीला थुंकी लावली, ती मगाचची हलकी लाल रेघ युरोपापासून परत पक्की केली. का, तर म्हणे आता तिनं स्वतः कळवलं ना.

इथं माझं डोकं जागेवर आलं. गाईडवाला म्हणतो ‘शेवटी पत्रांचा वापर केला आहे’, जसं काही भाजीत शेवटी कोथिंबीर टाकली आहे. अरे, पूर्ण पुस्तकभर आपण तिला एका माणसाच्या डोळ्यांतून बघतोय, त्याच्या कडवटपणातून, त्याच्या संशयातून, आणि त्यानं सांगितलेलं सगळं अंदाजाची रेघ आहे हे आपल्याला कळतं कधी, तर ती स्वतः बोलायला लागते तेव्हा, आणि तोवर उशीर झालेला असतो. मागचं सगळं मनात परत वाचावं लागतं. हेच तर आशयसूत्र आहे! माणसाला माणूस म्हणून ऐकायला उशीर होणं. जगानं त्या बोटीवरच्या सगळ्यांना केलेला उशीर आणि या एका माणसानं एका मुलीला केलेला उशीर, दोन्ही एकाच मोजपट्टीवर आहेत, आणि ते बेडेकर कुठेही भाषण देऊन सांगत नाहीत, फक्त पत्रं शेवटी ठेवतात. तीच पत्रं तारखेप्रमाणे मधे मधे टाकली असती तर ती एक चांगली दुःखाची गोष्ट झाली असती, बस. मग आशयाला सात आणि रचनेला आठ मी वेगळे कसे कमवायचे, सांगा. डाळ-भात कालवल्यावर डाळीचे मार्क वेगळे मागण्यासारखं आहे ते.

पुस्तकावर माझा राग नाही असं नाही. मूल्यमापन म्हटलं तर तेही लिहायला पाहिजे. चक्रधरच्या मनातला आधीचा प्रेमभंग मला जरा सोयीचा वाटतो. तो तिच्याशी जसा वागतो त्याला तयार कारण मिळतं, आणि लेखकानं त्याला ते कारण देऊन थोडं वाचवलं असं मला वाटलं. बाईनं फसवलं म्हणून बाप्या कडू झाला, हे आपल्याकडे किती लवकर पटतं लोकांना! पण तिसऱ्या वाचनात वाटलं की नाही, निवेदक तोच आहे म्हटल्यावर हे कारण लेखक देत नाहीये, चक्रधर स्वतःच स्वतःला देतोय. हे माझं अजून नक्की ठरलेलं नाही. उत्तरात दोन्ही लिहिलंय, मार्क कापले तर कापोत.

दुसरं एक, बेडेकर सिनेमावाले होते. प्रभातच्या १९४१ च्या ‘शेजारी’चं लेखन त्यांचं. कुठे एका संध्याकाळीला पानंच्या पानं द्यायची आणि कुठे अख्खा दिवस एका वाक्यात कापून टाकायचा हा हात तिथलाच असणार असं मला फार लिहावंसं वाटलं, पण हा सिनेमा नंतरचा आणि कादंबरी आधीची ही तारखांची भानगड लक्षात आली तेव्हा ‘तिथलाच’ शब्द खोडला. ‘दोन्हीकडे दिसतो’ केलं. व्हाउचरं तपासायची सवय अशी कामाला येते कधी कधी.

तर त्या रात्री मी वहीतली दोन्ही पानं फाडली आणि एकच पान घेतलं. ग्राफ पेपर स्वाध्यायाला जोडता येईल का विचारायला मॅडमना मेसेज टाकला, उत्तर आलं की आकृती अपेक्षित नाही, वाक्यांत लिहा. ठीक आहे, वाक्यांत लिहू. पहिलं वाक्य असं जमलं, की ही कादंबरी आपण सरळ वाचतो पण ती आपल्याला उलटी कळते. जरा भारी वाटलं मला, म्हणून पुसलं, मग दुसरं काही सुचेना म्हणून तेच परत लिहिलं. पुढे मात्र हात थांबला नाही, साडेबारा वाजेपर्यंत सहा पानं झाली, मधे तीनदा ताट्यांवर पाणी टाकून आले, लेक टेबलावरच डोकं ठेवून झोपली होती.

बाबा उठले होते पाणी प्यायला. ग्राफ पेपर तिथंच पडलेला, त्यांनी उचलला, लाइटखाली धरला.

‘ही बोट शांघायले पोचली किती वाजता?’

‘ते नाही बाबा कादंबरीत.’

‘काहून नाही? ती मुलगी गेली, पण बोट तर गेली ना पुढं. बाकीचे होते ना तिच्यात.’

मी म्हटलं होते, लहान मुलंही होती.

‘मग?’ ते खुर्ची ओढून बसले. ‘गाडी पोचल्याबिगर रेघ सोडता येते का?’

चष्म्याचं घर त्यांनी उघडलं. पेन्सिलीचं निळं टोक आता उरलंच नव्हतं, लाल होतं थोडंसं, पण ते त्यांनी वापरलं नाही. माझ्या हातातला पेन मागितला, बोटीची तिरपी रेघ जिथे आम्ही सोडली होती तिथे टोक टेकवलं, वेळेचा अंदाज घेतल्यासारखे थोडे थांबले, आणि मग सावकाश ती वरपर्यंत नेली.